पाव किलोच्या पुडीवर पंधरा टनांचा निकाल

मुंबई आणि वाशीतल्या शेंगदाणा-सुकामेवा व्यापारी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नाही, पण माझी सही पाहिली असेल. तपासणीच्या रिपोर्टवर खाली उजवीकडे दोन अक्षरं आणि पुढे एक लांबलचक शेपटी, ती माझी. मुंबईतल्या खासगी प्रयोगशाळांमध्ये २७ वर्षं मी शेंगदाणे, पिस्ते, मिरची, मका दळत आले आणि त्यातला अफ्ला मोजत आले. मागच्या वर्षी निवृत्त झाले. आता मी कुणाच्या पगारावर नाही आणि तुम्हीही माझे गिऱ्हाईक नाही, तेव्हा थोडं मोकळेपणाने लिहिते.

अफ्ला म्हणजे अफ्लाटॉक्सिन, हे तुम्हाला सांगायला नको. पण पत्र उघडं आहे, घरी दाण्याचं कूट करणारेही वाचतील, म्हणून चार ओळी त्यांच्यासाठी. अस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळट हिरवी बुरशी शेंगदाण्यावर, मक्यावर, पिस्त्यावर, मिरचीवर वाढते आणि वाढताना हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखाहून जास्त पिल्लं पटापट मेली. आधी कुणाला काही उमगेना. शोध घेतला तेव्हा बोट खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीकडे गेलं. विषाचा शोध तिथून लागला, आणि नावही या बुरशीच्याच नावातून आलं. आपल्याकडे १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन ३९७ जण काविळीने आजारी पडले, त्यातले १०६ दगावले. माणसांच्या आधी घरची कुत्री आजारी पडली होती. असं एकदम भरमसाट विष पोटात जाणं क्वचितच घडतं. रोज थोडं थोडं जातं ते यकृताचा कॅन्सर करतं, आणि ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याला हा धोका कितीतरी पटींनी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात घातलंय. माणसाला कॅन्सर होतो याबद्दल शंका उरलेली नाही, असा तो गट.

आता मुद्द्यावर येते.

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. प्रयोगशाळेच्या काउंटरवर एक पोरगा आला. रेनकोटच्या आतल्या खिशातून त्याने झिपची पिशवी काढली. आत पाव किलो शेंगदाणे. टपोरे, गुलाबी, एका मापाचे. एक सुरकुतलेला नाही की एक फुटका नाही. "मॅडम, शेठ म्हणाले संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्या, गाडी भरून उभी आहे." मी विचारलं, नमुना काढला कसा? पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "काढला कुठे, निवडला."

तो रिपोर्ट अर्थात स्वच्छ आला. 'आढळले नाही.' त्याच रिपोर्टच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या टायपात एक ओळ होती. ती प्रत्येक रिपोर्टवर असते: नमुना ग्राहकाने दिलेला आहे, निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. सत्तावीस वर्षांत ही ओळ वाचून मला फोन केलेला एकही व्यापारी आठवत नाही. रिपोर्ट गाडीबरोबर गेला, आणि पुढे तो १५ टनांचा रिपोर्ट म्हणून फिरला. खरं तर तो त्या पिशवीतल्या पाचशे दाण्यांचा होता.

तुम्ही म्हणाल, निवडला ही लबाडी झाली, आम्ही निवडत नाही. मान्य. आपण सरळ माणसाचं बोलू. गोणीच्या तोंडातून मूठभर, किंवा परखी (गोणीत खुपसून दाणे काढायची पोकळ सळई) खुपसून दोन गोण्यांतून पाव किलो काढणाऱ्या सरळ माणसाचं. माझं म्हणणं असं, की त्याचाही रिपोर्ट जवळजवळ तितकाच निरुपयोगी आहे.

कारण अफ्ला दुधात पाणी मिसळावं तसा मालात पसरलेला नसतो. हजारो दाणे अगदी शुद्ध, आणि मधेच एखादा विषाने ठासून भरलेला. शेतात जी शेंग किड्याने पोखरली, जी शेवटच्या महिन्यात पाण्यावाचून तडकली, तिच्यातलाच दाणा बुरशी धरतो. शेजारची शेंग ठणठणीत.

जरा हिशेब करू. तुमचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का, तेव्हा चूक असेल तर सांगा. एक दाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा धरा. पाव किलोत ५०० दाणे, किलोत २,०००, २० किलोत ४०,०००. समजा एका लॉटमध्ये दर २,००० दाण्यांमागे एकच दाणा सडका आहे, आणि त्या एका दाण्यात ५० मायक्रोग्रॅम अफ्ला आहे. हा आकडा मी फुगवलेला नाही. एकेका शेंगदाण्यात याच्या दसपट विष सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे लॉटची सरासरी झाली किलोला ५० मायक्रोग्रॅम, आपल्या बोलीत ५० पीपीबी. एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा थेट खायच्या दाण्यांना १०, पुढे प्रक्रिया होणार असेल तर १५. लॉट सरळसरळ नापास.

आता याच लॉटमधून, डोळे मिटून, पाव पाव किलोच्या शंभर पुड्या काढा. साधारण ७८ पुड्यांत तो सडका दाणा येणारच नाही. रिपोर्ट: 'आढळले नाही.' उरलेल्या २२ पैकी बहुतेक पुड्यांत एक दाणा येईल आणि आकडा येईल २००. क्वचित एखादीत दोन दाणे, आकडा ४००. गंमत अशी, की ५० हा खरा आकडा शंभरातल्या एकाही पुडीत येणार नाही.

त्याच लॉटमधून २० किलो काढले तर? सडके दाणे येतील विसाच्या आसपास, कधी तेरा, कधी सत्तावीस. आकडा ३२ आणि ६८ च्या मधे कुठेतरी पडेल. हलेल, पण लॉट नापास आहे हे लपणार नाही.

म्हणजे लहान नमुना खोटं बोलतो, आणि बोलतो तेव्हा बहुतेक वेळा गोड बोलतो. म्हणूनच तो सगळ्यांना आवडतो. चार पुड्यांतल्या तीन पास होणार. चौथी नापास झाली तर प्रयोगशाळा बदलायची. दादरचा ज्योतिषीही यापेक्षा कमी खात्रीने बोलतो.

हे मी साधू असल्यासारखं सांगत नाही. एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे, ती इथे लिहून टाकते. सात-आठ वर्षं झाली असतील. एका गिऱ्हाइकाचा (नाव कशाला) दाणा तपासायला आला. आकडा आला ६४. शेठचा फोन, "बेन, तुमचं मशीन बिघडलं असेल." मशीन बिघडलं नव्हतं, त्याच दिवशी ठरावीक मात्रा घातलेला कंट्रोल नमुना मी त्यावर चालवला होता, तो बरोबर आला होता. पण आमच्या साहेबांना गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. दुसरी पुडी आली: आढळले नाही. तिसरी: ४. शेठ म्हणाले, "दोन विरुद्ध एक, झालं की." तिसऱ्या रिपोर्टवर माल सुटला, कुठल्याशा चिक्कीवाल्याकडे गेला. तिन्ही रिपोर्ट आपापल्या पुडीपुरते खरे होते. त्यातला पहिला एकटाच लॉटबद्दल काहीतरी सांगत होता, आणि तोच फाईलमधून गेला. तिसऱ्यावर सही माझी होती.

या धंद्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, पूर्वी आम्ही हे काम अंधाऱ्या खोलीत करायचो. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा थर, त्यावर अर्काचे ठिपके, मग क्लोरोफॉर्म आणि अॅसिटोन. पट्टी वाळली की काळा पडदा ओढून ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरायची. निळा ठिपका उमटला तर बी, हिरवा तर जी. अफ्लाच्या प्रकारांची बी-१, बी-२, जी-१, जी-२ ही नावं त्या निळ्या-हिरव्या उजेडावरूनच आली. शेजारी माहीत असलेल्या मात्रेचे ठिपके ठेवायचे आणि नजरेने ताडायचं, हा ठिपका त्याच्याएवढा आहे की थोडा फिका. डोळे दुखायचे. आता अर्क एका छोट्या नळकांडीतून सोडतात. आतल्या प्रतिपिंडांना फक्त अफ्लाच पकडता येतो, बाकी तेल-प्रथिनं वाहून जातात. मग मिथेनॉलने अफ्ला सोडवून घ्यायचा आणि एचपीएलसीवर, म्हणजे अर्कातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायचा. किलोमागे मायक्रोग्रॅमच्या खालचंही दिसतं. १० पीपीबी म्हणजे दहा टनांच्या ट्रकमध्ये मिळून ग्रॅमचा दहावा भाग, आणि तो आम्ही शोधतो. त्या यंत्राला मी रोज नमस्कार करायचे. पण त्याच्या तोंडात आम्ही भरवायचो ते रेनकोटच्या खिशातले दाणे.

मोजमापातली चूक कुठे होते याचा अभ्यास शेंगदाण्याइतका क्वचितच कुठल्या पिकावर झाला असेल. अमेरिकेच्या शेती खात्यातले टॉमस व्हिटेकर यांनी आयुष्याचा मोठा भाग त्यावर घालवला. निष्कर्ष दरवेळी तोच: सगळ्यात मोठी चूक नमुना काढण्यात, त्यानंतर दळण्यात, आणि सगळ्यात छोटी यंत्रात. आपण मात्र पैसे खर्च करतो ते उलट्या क्रमाने.

आता जरा कडू बोलते.

तुमच्यातल्या निर्यातवाल्यांना हे सगळं तोंडपाठ आहे. युरोपला जाणारा १५ टनांचा लॉट असेल तर १०० ठिकाणांहून दर वेळी २०० ग्रॅम, एकूण २० किलो, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. ५० किलोच्या ३०० गोण्या, म्हणजे दर तिसऱ्या गोणीत परखी. तिथली मर्यादा थेट खायच्या दाण्यांना एकूण ४ आणि त्यातल्या बी-१ ला २. माल तिथल्या बंदरात अडकला तर काय होतं हे तुम्ही भोगलेलं आहे, म्हणून इथे काळजी घेता. शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या संगणकावर लॉटचा मागोवा राहतो, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस गोदामात येऊन स्वतः नमुना काढतो. मी गेलेय अशा गोदामांत. व्यवस्थित काम चालतं, तारीफ करण्यासारखं.

आणि त्याच गोदामात, त्याच छपराखाली, दुसऱ्या थप्पीवर खडूने 'लोकल' लिहिलेलं असतं. तिथे परखी फिरकत नाही. रॉटरडॅमला जाणाऱ्या दाण्यासाठी २० किलो, आणि लालबागच्या भट्टीत, विलेपार्ल्याच्या चटणीत, लोकलमध्ये विकल्या जाणाऱ्या कोनात जाणाऱ्या दाण्यासाठी मूठभर. आमच्याकडे श्रावण लागला की सोमवारी खिचडी, शनिवारी खिचडी, मधे एकादशी आली तर दाण्याची आमटी आणि दाण्याचे लाडू. आणि एकादशी दुप्पट खाशी हे काही उगाच म्हणत नाहीत. उपास धरणारी माझ्यासारखी बाई वर्षाला किती किलो दाणे रिचवत असेल? ज्याच्या पोटात इतके जातात त्याच्यासाठी मोजमाप ढिलं, हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगा.

"भाजलं की सगळं मरतं" हे मी ऐकलंय, काउंटरवर शंभर वेळा. बुरशी मरते. अफ्ला बी-१ मोडायला अडीचशे अंशांच्या वर जावं लागतं. तेवढ्या आचेला दाण्याचा कोळसा होईल. भाजल्याने काही भाग कमी होतो, बाकीचा तसाच. आणि खवटपणाचा याच्याशी संबंध नाही. खवट दाणा म्हणजे तेल बिघडलेला दाणा, तो जिभेला कळतो आणि आपण थुंकतो. अफ्लाला ना चव ना वास. परळच्या चाळीत माझी आई कूट करण्याआधी सुपात दाणे घेऊन बसायची. सुरकुतलेला, काळपट, फुटका दाणा नखाने बाजूला उडवायची. तिला अफ्ला हा शब्द माहीत नव्हता, पण ती जे करत होती ते बरोबर होतं. वाईट दिसणाऱ्या दाण्यांत विष जास्त असतं. फक्त चांगल्या दिसणाऱ्या दाण्याच्या दोन फाकांच्या मधे लपलेली बुरशी तिला दिसायची नाही. तुमच्या सॉर्टेक्सच्या, म्हणजे खराब दाणे हेरून उडवणाऱ्या मशीनच्या, कॅमेऱ्यालाही सगळी दिसत नाही.

सॉर्टेक्सवरून आठवलं. मशीन दाणा उडवतं, ठीक. उडवलेला दाणा जातो कुठे? तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. तो कचऱ्यात जात नाही, त्याला भाव आहे. स्वस्त चटणी, तयार कूट, ग्रेव्हीची पावडर, नाहीतर घाणा. निर्यातीचा लॉट जितका स्वच्छ केला, तितकं विष त्या रिजेक्टच्या गोणीत गोळा झालं. मग ती गोणी दळली की कुणाला काही दिसत नाही. सुरकुती नाही, काळा डाग नाही, नुसतं पांढरं कूट. घाण्यात गेला तर तेलापेक्षा पेंडीत विष जास्त राहतं. रिफायनिंगमध्ये तेलातलं बहुतेक निघून जातं, पण लाकडी घाण्याचं 'शुद्ध' म्हणून विकलेलं तेल रिफाइंड नसतं, हेही ध्यानात ठेवा. पेंड जाते तबेल्यात. म्हैस ती खाते आणि दुधात उतरतो अफ्लाटॉक्सिन एम-१. एफएसएसएआयच्या २०१८ च्या दूध सर्वेक्षणात देशभरातल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत तो मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. सगळा दोष शेंगदाण्याच्या पेंडीचा असं मी म्हणणार नाही, सरकी आणि मकाही आहे. पण एका टोकाला तुमची रिजेक्टची गोणी आणि दुसऱ्या टोकाला सकाळचा चहा, एवढं मात्र खरं.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. बुरशी तुम्ही लावलेली नाही. सौराष्ट्रात, धुळ्याकडे, साताऱ्याकडे शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाऊस दडी मारतो, जमीन तापते, आणि विष शेंगेत जमिनीखालीच तयार होतं. काढणीनंतर पाऊस आला तर शेतकऱ्याकडे वाळवायला कोरडी जागा नसते. तुमच्या हाती येतो तेव्हा अर्धा खेळ होऊन गेलेला असतो. पण उरलेला अर्धा मुंबईत होतो. दाण्यातला ओलावा सात टक्क्यांच्या आसपास ठेवून आणलेला माल जूनमध्ये या शहराच्या दमट हवेत गोण्यांत ठेवला की तो हवेतलं पाणी ओढून घेतो. भिंतीला टेकलेली थप्पी, खाली फळ्या नाहीत, वर गळका पत्रा आणि त्यावर निळी ताडपत्री, हे मी एका नामांकित गोदामात पाहिलंय. गोणीला हात लावला तर बारदान ओलसर लागलं. तिथल्या सुपरवायझरने मला चहा पाजला आणि सांगितलं, "मॅडम, वरच्या थरातून घ्या, खालचा जरा गरम झालाय." गरम झालाय! बुरशी श्वास घेते तेव्हा माल गरम होतो, भाऊ.

तर मागणं काय? नवा कायदा नको. आहे त्यातलंच थोडं नीट करा.

नमुना गाडी भरताना किंवा खाली होताना काढा. एकदा थप्पी लागली की फक्त बाहेरच्या गोण्या हाताला लागतात, मधल्या गोण्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या नशिबावर. गाडी खाली होताना मात्र प्रत्येक गोणी माथाड्याच्या पाठीवरून एकदा तरी डोळ्यांसमोरून जाते. एक माणूस परखी घेऊन दारात उभा करा, दर तिसरी गोणी थांबवा, २०० ग्रॅम डब्यात. अर्धा दिवस जातो आणि २० किलो दाणे जातात, म्हणजे दोन-अडीच हजार रुपये. पंधरा टनांच्या मालात हा खर्च तुम्हाला जाणवणारही नाही, हिशेबाच्या वहीत 'चहापाणी' खाली यापेक्षा जास्त जातात.

ते २० किलो जसेच्या तसे दळा. मधूनच पाव किलो काढून प्रयोगशाळेत पाठवाल तर वरचं सगळं मुसळ केरात. शंभर ठिकाणांहून जमवलेला तो एक सडका दाणा पुन्हा डब्यातच राहून जाईल. सगळे दाणे पाण्याबरोबर मोठ्या मिक्सरमध्ये घालून पातळ पिठल्यासारखे करायचे; त्यात तो दाणा असा विरघळून पसरतो, की मग त्यातलं ५० ग्रॅम घेतलं तरी पुरतं. कोरडं दळलं तर तेल सुटतं, लगदा पात्याला चिकटतो, आणि दळण भरड राहिलं की पुन्हा तीच गोष्ट. असा मिक्सर छोट्या प्रयोगशाळांकडे नसतो. तुमच्या संघटनेने मिळून एक घ्यावा, बाजारातच बसवावा. तुमच्या दिवाळीच्या डायऱ्या आणि कॅलेंडरं एक वर्ष छापली नाहीत तर त्याचा बराचसा खर्च निघेल, असा माझा अंदाज आहे. तो चुकला तर दोन वर्षं छापू नका. पट्टीवरच्या झटपट किटही चालतील, माझा त्यांना विरोध नाही. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेने हैदराबादेत स्वस्तातली तपासणी त्याचसाठी तयार केली. पण पट्टीसुद्धा तुम्ही दिलेल्या दाण्याबद्दलच बोलते.

पहिला रिपोर्ट नापास आला तर तो फाडू नका. पुन्हा तपासायचं असेल तर पुन्हा २० किलो काढा, आणि दोन्ही आकड्यांची सरासरी धरा. 'दोन विरुद्ध एक' हे ग्रामपंचायतीत ठीक.

आणि रिजेक्टच्या गोणीवर रिजेक्ट लिहा, तपासल्याशिवाय ती खाण्याच्या धंद्यात देऊ नका. यावर तुम्ही हसाल हे मला माहीत आहे. कुणी एकट्याने केलं तर तो मरतो, शेजारचा तोच माल दोन रुपये स्वस्त देतो. म्हणूनच हे पत्र एका दुकानाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिलंय.

या शहराने देशाच्या शेंगदाण्याला बियाणं दिलंय. टॅग-२४ हे वाण शेतकऱ्यांना ठाऊक आहे, त्यातला टी ट्रॉम्बेचा आणि ए अकोल्याचा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी इथे बसून ते काम केलं. त्या मानाने दर तिसरी गोणी थांबवणं काही फार अवघड शास्त्र नाही.

आईच्या सुपाबरोबर तिचं एक पितळी चिपटं माझ्याकडे आलंय. कडा जरा चेपली आहे. परवा मी त्यात दाणे शिगोशीग भरून काट्यावर ठेवलं. २०० ग्रॅमच्या आसपास भरतात. पुढच्या आठवड्यात कुणाची गाडी खाली होणार असेल तर मला निरोप द्या. चिपटं घेऊन मी येते. झाकणाचा डबा तेवढा तुमचा, २० किलोचा, कोरडा.

आपली,
एक निवृत्त विश्लेषक
परळ, मुंबई

ता. क. : रेनकोटवाल्या पोराने हे वाचलं तर त्याला सांगा, मला त्याचा राग नाही. इतक्या वर्षांत नमुना कसा काढला या प्रश्नाला खरं उत्तर देणारा तो पहिलाच होता.